खाडीतली भागीदारीण

वादळ ओसरलं, आकाश मोकळं झालं, जेट्टीवरच्या बोटी पुन्हा निघू लागल्या, तरी भागीदारीण काही दिसेना. पिंजरेवाला सकाळपासून तराफ्याच्या कडेकडेने फिरत होता. कोणी विचारलं तर सांगायचा, वादळात दोर कुठे तुटलेत ते बघतोय. दोर केव्हाच बांधून झाले होते. त्याची नजर दोरांवर नव्हतीच, पलीकडच्या दगडी बांधाकडे होती.

पिंजरेवाला खाडीत मासे वाढवायचा. रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला लांबरुंद तराफा, त्याखाली पाण्यात लोंबणारे जाळीचे पिंजरे आणि पिंजऱ्यांत वाढणारे मासे, एवढाच त्याचा संसार. लग्न त्याने केलं नव्हतं. भागीदारीण म्हणजे समोरच्या बांधाच्या दगडांत राहणारी पाणमांजर. हे नाव त्यानेच ठेवलेलं. भांडवल घालायचं नाही, हाडं झिजवायची नाहीत, वाटा मात्र रोज न चुकता उचलायचा, मग तिला दुसरं काय म्हणणार, असं तो विचारायचा. ती जाळी कुरतडायची, मासा पळवायची आणि वर तराफ्याच्या टोकाला बसून, त्याच्याकडे पाठ करून, तो मासा आरामात खायची. पळवते त्यापेक्षा पाठ करून खाते याचा त्याला जास्त राग होता. वर्षभर त्याने तिला इतक्या शिव्या घातल्या होत्या की जेट्टीवरच्या लोकांना त्या तोंडपाठ झाल्या होत्या.

आणि आता ती दिसत नव्हती, तर त्याला घास गोड लागत नव्हता.

हे पहिल्यांदा ओळखलं त्याच्या वहिनीने. ती जेट्टीवरच्या एका पॅकिंग शेडची मुकादम होती. बोटींतून उतरलेली मासळी निवडायची, बर्फात घालायची, खोक्यांत भरायची, खोक्यांना पट्ट्या आवळून ट्रकवर चढवायची, हे सगळं तिच्या नजरेखाली चाले. शेडमधल्या बाया तिला मुकादमबाई म्हणत आणि तिच्या आवाजाला वचकून असत. घरी मात्र ती आवाज वाया घालवत नसे. नवरा क्रेन चालवून चालवून एका कानाने बहिरा झाला होता, आणि दुसऱ्या कानाने त्याला हवं तेवढंच ऐकू यायचं.

धाकट्या दिराची मात्र तिला मनापासून काळजी वाटे. मागच्या उन्हाळ्यापासून तो घरी झोपायला आला नव्हता. तेव्हा एका रात्री ओहोटीबरोबर नाल्यातून आलेल्या पिशव्या, फाटक्या ताडपत्र्या, प्लास्टिकचे कपटे पिंजऱ्यांना चिकटत राहिले. जाळीची भोकं बुजली, आतलं पाणी हलेनासं झालं. सकाळी तो पोचला तेव्हा पिंजरे वरून पांढरे दिसत होते. सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. चहूकडे पाणीच पाणी, आणि मासे गुदमरून मेलेले. त्यानंतर त्याने तराफ्यावरच फळ्यांची एक खोली उभी केली आणि तिथेच मुक्काम टाकला. रात्रीतून उठून उठून तो आकड्याने जाळीवरच्या पिशव्या ओढून काढायचा. डोळे कायम तांबारलेले. घरी चला म्हटलं की म्हणायचा, बघू. वहिनी मग दुपारच्या सुट्टीत होडीने जाऊन त्याला डबा देऊन यायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसायची.

त्या दिवशीही ती बसली होती. डबा अर्धा तसाच होता. तेवढ्यात बांधापाशी पाण्यावर रेघ उमटली, एक चपटं डोकं वर आलं, मिशा झटकल्या गेल्या, आणि मागोमाग दोन लहान डोकी. पिंजरेवाला ताडकन उठला.

"आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे टवळी."

वहिनीला हसू आलं. ते तिने पदराआड लपवलं.

भागीदारीण तराफ्याच्या टोकाला आली, पुढचे पंजे फळीवर टेकले आणि अंग वर ओढू लागली. नेहमी ती एका झेपेत वर यायची. आज दोनदा घसरली. वर आल्यावर ती जराशी लंगडत चालली, तेव्हा दोघांनाही दिसलं. तिच्या मानेवरून तिरकी एक पिवळी पट्टी गेली होती. एका खांद्यावरून निघून दुसऱ्या बाजूच्या काखेत शिरलेली. काखेपाशी केस झडले होते आणि मांस लाल दिसत होतं.

"वहिनी, काय अडकलंय तिच्या अंगात?"

वहिनीने ओळखायला वेळ लावला नाही. रोज तिच्या डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू. खोक्यांना आवळायची प्लास्टिकची पट्टी. जेट्टीवरच्या सगळ्या शेडमध्ये तीच पिवळी पट्टी येते, त्यामुळे ही कोणाच्या शेडमधून उडाली ते देवालाच ठाऊक. पण कशी उडाली ते तिला माहीत होतं. खोकं पुन्हा उघडायचं झालं की पट्टी कापायला पातं शोधावं लागतं. ते शोधण्यापेक्षा बाया पट्टी कोपऱ्यावरून सरकवून काढतात. पट्टी तुटत नाही, तिचं कडं तसंच राहतं. वारा ते कडं पाण्यात नेतो आणि पाण्यातलं कोणीतरी त्यात डोकं घालतं. एकदा डोकं आणि एक पाय आत गेला की मागे येणं नाही. मासे, कासवं, पक्षी, सगळ्यांची तीच गत. पट्टी कुजत नाही, सैल होत नाही. अंग वाढलं, भरलं, सुजलं की ती फक्त रुतत जाते.

सुट्टी संपल्यावर शेडमध्ये आल्या आल्या तिने प्रत्येक टेबलाला दोरीने एक एक पातं बांधायला लावलं आणि सांगितलं की यापुढे अख्खं कडं कुठे दिसलं तर माझ्याशी गाठ आहे. एकीने हळूच विचारलं, पट्टीच कापायची ना, की आमच्या माना. सगळ्या हसल्या. मुकादमबाईही हसली, पण संध्याकाळी तिने कचऱ्याचं पिंप स्वतः उपसून बघितलं. एकही अख्खं कडं नव्हतं. तेवढंच हायसं वाटलं. पण भागीदारणीच्या अंगावरचं कडं काही त्यामुळे निघणार नव्हतं.

गावात जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्याकडे गाई यायच्या, कुत्री यायची, एकदा कोणाचा तरी पोपट आला होता. पाणमांजर तिने कधी हाताळली नव्हती आणि वहिनी विचारायला गेली तेव्हा तसं तिने सरळ सांगितलं. तरी ती आली, तराफ्यावर पालथी पडून दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपल्या कॉलेजातल्या गुरूंना फोन लावला, वन्यप्राण्यांच्या कार्यालयाला फोन करून परवानगी काढली, आणि वहिनीला सगळं समजावून सांगितलं. लांबून गुंगीचं इंजेक्शन मारता येणार नाही. ते लागल्या लागल्या पाणमांजर पाण्यात उडी मारते, आणि अर्धवट झोपेत बुडून मरते. तिला आधी जमिनीवर पकडायला हवं, आणि तेही लवकर. जखम चिघळतेय. पिल्लं अजून दूध पितात. आई गेली तर तीही जातील.

सापळा लावायला जागा एकच होती. ती जिथे रोज येते तो तराफा. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पिंजरेवाला नाही म्हणाला.

वहिनीला वाटलं, अजून माशांचा राग धरून बसलाय. तिने विचारलं तर तो कितीतरी वेळ दोराची गाठ सोडत आणि बांधत राहिला. मग म्हणाला, "सापळ्यात घाबरून मेली तर? डॉक्टरांचं औषध जास्त झालं तर? या फळ्यांवर मी एकदा बघितलंय, वहिनी. पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात."

गेल्या उन्हाळ्याबद्दल त्याने उघडपणे काढलेला हा पहिला शब्द. वहिनीने वाद घातला नाही. त्याच्या शेजारी फळीवर बसली. पाण्यात कुठल्याशा पिशवीचा फुगा तरंगत चालला होता, तो तिने वाकून उचलला, पिळला आणि बाजूला ठेवला.

"सापळा नाही लावला तरी ती मरणार आहे, भावोजी," ती म्हणाली. "फक्त ते आपल्याला दिसणार नाही, एवढंच."

तो पुन्हा दोराच्या गाठीला लागला. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण भटकी कुत्री धरायचा लोखंडी सापळा घेऊन आली, तेव्हा होडीतून तो वर ओढायला हात लावणारा पहिला माणूस तोच होता.

सापळा साधा होता. आत शिरलेल्या जनावराचा पाय मागच्या पत्र्यावर पडला की पुढचं दार खाली यायचं. पत्र्यापाशी त्यांनी ताजे मासे ठेवले. पहिल्या सकाळी दार पडलेलं होतं आणि आत बर्फाच्या कारखान्यातला लठ्ठ बोका सगळे मासे फस्त करून गाढ झोपला होता. तो खाडी ओलांडून तराफ्यावर कसा आला हे कोणालाच कळलं नाही. बहुतेक डब्याच्या होडीतून आला असावा. त्याला सोडला तर तो जायला तयार होईना. भागीदारणीने मात्र सापळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिला मेलेला मासा कशाला हवा होता? पिंजऱ्यात जिवंत होतेच की.

पण आता तिला पिंजऱ्यातलेही धड पकडता येत नव्हते. पाय लांबवला की पट्टी काखेत कापत असणार. ती जाळीशी दोनदा धडपडायची आणि दमून फळीवर पडून राहायची. पिल्लं तिच्या अंगाखाली शिरायची. पिंजरेवाला मग कोणी बघत नाहीसं पाहून एखादा मासा तिच्या दिशेने फेकायचा. हे वहिनीला कळलं, कारण एकदा तो फेकलेला मासा तिच्याच होडीत येऊन पडला.

वहिनीच्या नवऱ्याने एक गोष्ट सांगितली. लहानपणी तो आणि भाऊ त्या बांधापलीकडे खेकडे धरायला जायचे. तिथे पाण्याखाली गवत असायचं, त्यात कोळंबी, खेकडे, बोटाएवढे मासे. आता तिथे पाय टाकला की आधी पिशव्या लागतात, त्यांच्याखाली काळा, कुजका चिखल. उजेड नाही, हवा नाही, त्यात काही जगतच नाही. "तिचं स्वयंपाकघर आपण बुजवलं," तो म्हणाला, "आणि वर म्हणतोय चोर." हे ऐकून त्याचा धाकटा भाऊ बांधाकडे बघू लागला.

उपाय निघाला तो डॉक्टरीणबाईंच्या गुरूंच्या फोनवरून. त्यांनी विचारलं की तराफ्यावर गोडं पाणी आहे का. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या पाणमांजरांना अंगावरचं मीठ धुवायला गोडं पाणी लागतं. मीठ साचलं की केस चिकटतात आणि अंगात थंडी शिरते. मासे त्यांना कुठेही मिळतील, गोडं पाणी नाही मिळत.

हे सांगताना डॉक्टरीण थांबली, कारण पिंजरेवाला खोलीच्या मागे बघत होता. तिथे त्याचं हातपाय धुवायचं पाण्याचं पिंप होतं. त्याची तोटी गळायची आणि गळलेलं पाणी खाली एका टोपात साचायचं. त्या टोपात ती लोळते हे त्याने कितीदा बघितलं होतं. त्याला वाटायचं, मुद्दाम घाण करते. टोप उपडा करून ठेवला तर ती तो नाकाने सुलटा करायची. तो डोक्याला हात लावून हसायला लागला. वहिनीने त्याला असं हसताना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

टोप सापळ्यात गेला.

दुसऱ्या सकाळी वहिनीचा फोन वाजला. दिराचा आवाज चढला होता आणि त्याच्यामागे बारीक, टोकदार शिट्ट्या ऐकू येत होत्या. सापळ्यात पिल्लू अडकलं होतं. वहिनीने शेड दुसरीच्या हवाली केली, नवऱ्याला क्रेनवरून हाक मारून उतरवलं, वाटेत डॉक्टरीणबाईंना घेतलं, आणि तिघं होडीने तराफ्यावर पोचली.

पिल्लू मांजराएवढं होतं. टोपात उभं राहून ते ओरडत होतं, आणि त्या शिट्ट्या कानात सुयांसारख्या शिरत होत्या. आई तराफ्याभोवती गोल फिरत होती. वर यायची, सापळ्याच्या गजांना चावायची, माणसं दिसली की पाण्यात, आणि पुन्हा वर. दुसरं पिल्लू कुठेच दिसत नव्हतं.

वहिनी सरळ सापळ्याकडे निघाली. डॉक्टरीणबाईंनी तिला हाताने थांबवलं. सापळ्याच्या मधोमध गजांचं एक सरकतं झडप होतं. ते खाली सोडलं की मागे एक बंद कप्पा तयार व्हायचा. पिल्लाला मागच्या कप्प्यात ठेवायचं, पुढचं दार दोरीने वर बांधायचं, आणि माणसांनी लपून बसायचं. आई पिल्लासाठी आत शिरेल.

"लेकराला आमिष करायचं?" वहिनी म्हणाली. "ऐकू येतंय ना तुम्हाला ते कसं ओरडतंय?"

डॉक्टरणीने पिल्लाकडे बघितलं. तिचाही चेहरा उतरला होता. तेव्हा पिंजरेवालाच पुढे झाला. ओहोटी चालू होती, समोर चिखलात रोवलेली एक काठी हळूहळू उघडी पडत होती. त्या काठीचा तळ दिसेपर्यंत थांबू, तो म्हणाला, तोवर नाही आली तर मीच दार उघडीन.

"दोर मी धरतो, वहिनी. मी चुकणार नाही."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

ती चौघं खोलीत शिरली. पिंजरेवाला दाराशी पालथा पडला, मनगटाला दोर गुंडाळून. बाकीचे भिंतीला टेकून बसले. पिल्लू ओरडत होतं. वहिनीने कान झाकून घेतले, मग तिला ते बरं दिसेना म्हणून हात खाली घेतले. भागीदारीण वर आली. सापळ्याला वळसा घालून मागे गेली, गजांतून पिल्लाचं नाक चाटलं, पंजाने गज ओढून बघितला. मग पुढे आली. उघड्या दाराशी थांबली. डोकं आत, खांदे आत, ती पिवळी पट्टी आत. तिथेच ती थबकली आणि मागे वळून थेट खोलीकडे पाहू लागली. पिंजरेवाल्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. दार आत्ता सोडलं तर तिच्या पाठीवर पडलं असतं. नाही सोडलं तर ती हातावर तुरी देऊन जाणार. तो हलला नाही. पिल्लाने पुन्हा शिट्टी घातली. ती आत गेली, शेपटीचं टोकही आत गेलं, आणि त्याने दोर सोडला.

दार धाडकन पडलं.

पुढचं काम डॉक्टरीणबाईंचं. लांब काठीला लावलेली सुई गजांतून आत घालून त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने भागीदारणीचं डोकं खाली झुकलं. तिला ओल्या गोणपाटावर बाहेर काढलं, डोळ्यांवर फडकं टाकलं. वहिनीने तिचं डोकं धरलं. हाताला ते इतकं गरम आणि जड लागलं की ती दचकलीच. काखेतली पट्टी मांसात पुरती रुतली होती, तिच्यावर कातडी वाढायला लागली होती. घाण वास आला. डॉक्टरीणबाईंनी बारीक कात्री पट्टीखाली सरकवली. एकदा कट्ट वाजलं, दुसऱ्या बाजूला पुन्हा वाजलं, आणि मग त्यांनी पट्टी मांसातून हळूहळू, धीर धरून, ओढून काढली. वहिनीने मान फिरवली, पण हात सोडला नाही.

डॉक्टरीण जखमेत वाकून बघत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हाडापर्यंत गेलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "मोठी शीर शाबूत आहे. जखम भरेल."

जखम धुतली, औषध भरलं, बरेच दिवस पुरेल असं एक इंजेक्शन टोचलं, आणि शेवटी गुंगी उतरवायचं. मग तिला पुन्हा सापळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं, जागी होताना पाण्यात पडू नये म्हणून. पिल्लू झडपाला चिकटून आईकडे बघत होतं. आता मात्र ते ओरडत नव्हतं, आणि ते आणखी वाईट होतं.

ती हलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लगेच उठेल. लगेच काही उठली नाही. डॉक्टरीणबाईंनी गजांतून हात घालून नाडी बघितली, घड्याळाकडे बघितलं. पिंजरेवाला उठून तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. हिला काही झालं तर हा माणूस पुन्हा घरी येणार नाही, एवढंच वहिनीच्या मनात येत होतं.

तिचा नवरा सापळ्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने बरा कान गजांना लावला.

"अरे," त्याने भावाला ओरडून सांगितलं, "घोरतेय ती."

बहिऱ्या माणसाला ते ऐकू आलं आणि चांगल्या कानांच्या तिघांना नाही. डॉक्टरीणबाईंनी वाकून ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. खरंच घोरत होती. पिंजरेवाला येऊन जवळ बसला. त्याने गुडघ्यांवर हनुवटी टेकली आणि तो त्या घोरण्याकडे कान लावून बसून राहिला. बसल्या बसल्या त्याच्याही डोळ्यांवर झापड येऊ लागली. तेवढ्यात भागीदारणीची मिशी हलली, पंजा हलला, तिने डोळे उघडले आणि पहिल्या झटक्यात गजांतून त्याच्या बुटाचं टोक चावलं.

"आली शुद्धीवर," तो म्हणाला, पाय मागे न घेता.

ती पायांवर नीट उभी राहीपर्यंत डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना थांबवलं. मग झडप वर ओढलं, दार उघडलं. आईने पिल्लाला मानेपासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि दोघं फळ्यांवरून पळत जाऊन पाण्यात उतरली. पाय लंगडत होता, पण पाण्यात शिरताच तो लांब, सरळ ताणला गेला. मधे काही अडवत नव्हतं.

दुसरं पिल्लू? सगळे पाणी न्याहाळू लागले. आई तराफ्याजवळ थांबली, तिने एक शिट्टी घातली, आणि अगदी त्यांच्या पायाखालून, दोन पिंपांच्या फटीतून, उत्तर आलं. ते एवढा वेळ तिथेच दबून बसलं होतं. बुळूक आवाज झाला, पाण्यावर तीन रेघा उमटल्या आणि बांधाकडे गेल्या. वहिनीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच फळीवर फतकल मारून बसली आणि तिला रडू आलं. नवरा विचारत राहिला, आता काय झालं, आता तर बरं झालं ना. बरं झालं म्हणूनच, ती म्हणाली. ते त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे.

त्या आठवड्यात क्रेनवाल्याने मनात योजलेलं एक काम केलं. शेडचा आणि वस्तीचा कचरा ज्या नाल्यातून खाडीत यायचा, त्याच्या तोंडावर त्याने जुन्या जाळ्यांचे तरंगते बोये एका जाड दोरात ओवून आडवे टाकले आणि त्यांच्याखाली हातभर जाळी सोडली. पाणी जाई, तरंगता कचरा अडे. मुकादमबाईने मालकाला गाठून रोज तो उपसायला दोन माणसं मागितली. मालक आधी कुरकुरला. मग तिने त्याला नाल्याच्या तोंडाशी नेऊन एका दिवसाचा ढीग दाखवला. ढीग त्याच्या कमरेएवढा होता. तो नाकाला रुमाल लावून बराच वेळ उभा राहिला आणि तीन माणसं देतो म्हणाला.

सगळंच प्लास्टिक काही थांबलं नाही. भरतीबरोबर समुद्राकडून यायचं ते येतच राहिलं, आणि बांधापलीकडचा चिखल एका आठवड्यात निवळणारा नव्हता. पण पिंजरेवाल्याच्या आकड्याला रात्रीतून लागणाऱ्या पिशव्या कमी होत गेल्या. एका रात्री तर तो तीनदा उठला आणि तिन्ही वेळा हात हलवत आत आला.

मग एका दुपारी डॉक्टरीण पुन्हा दुर्बीण घेऊन आली. भागीदारीण तराफ्याच्या टोकावर पाठ करून मासा खात होती. काखेतली जखम मिटली होती, तिथे बारीक, मऊ केस उगवत होते. दोन्ही पिल्लं मासा मागत एकमेकांच्या अंगावर चढत होती. जाळीला ताजं भोक पडलं होतं. पिंजरेवाल्याने तिला एक नवी शिवी घातली, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला की बघा, तुमचा पेशंट ठणठणीत झाला, आता माझं कसं होणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यापुढे माझी इथे गरज नाही. ते वाक्य वहिनीला इतकं आवडलं की तिने ते घरी जाऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दीर उभा होता, काखोटीला अंथरुणाची वळकटी.

"आज इथेच झोपतो म्हणतो," तो म्हणाला. "सकाळी लवकर उठवा, वहिनी."

वहिनीने बरं म्हटलं. त्याची खाट तिने कधी हलवलीच नव्हती, फक्त तिच्यावर साठलेले कपडे उचलले. तो पडला आणि तिने दिवा मालवायच्या आत झोपला.

सकाळी तिने त्याला उठवलं नाही. नवरा परस्पर होडी घेऊन तराफ्यावर गेला आणि परत येऊन दारातूनच मोठ्याने सांगू लागला की सगळं ठीक आहे, जाळी स्वच्छ आहे, मासे उड्या मारतायत. तिने ओठांवर बोट ठेवलं. दीर कुशीवर वळला, काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा घोरू लागला. बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. शेडचा भोंगा वाजला, तशी तिने चपला हातात घेतल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि ती कामाला निघाली.